शंकरपाळीला मिशा होत्या का

नथूने गोणपाट उलटं केलं आणि सोसायटीच्या ऑफिसातल्या टेबलावर, वॉचमनच्या हजेरीपटाशेजारी, फूटभर लांबीचा एक काळा मासा धप्पकन पडला. समितीचे चार सदस्य खुर्च्या मागे सारून उभे राहिले. पाचवा सदस्य निरंजन पाठारे तेवढा बसूनच राहिला.

माशाच्या अंगावर खवल्यांऐवजी खडबडीत चिलखत होतं, पाठीवर हातरुमालाएवढा पंख होता आणि तोंड पार खाली, हनुवटीच्या जागी होतं. त्याने एकदा शेपटी आपटली. हजेरीपटावर पाण्याचा डाग पडला.

"सकाळी सातला घावलाय," नथू म्हणाला. "आता अकरा वाजल्यात. अजून मरंना. कासारसाईच्या धरनात आमची बावीस जाळी हायेत, आठवड्याला दोन फाटत्यात. ह्याचं काटं आडकलं की जाळं कापल्याबिगर सुटत न्हाई. खायला कुनी घेत न्हाई, फुकट दिला तरी न्हाई. ह्यो धरनात आपोआप उगवला न्हाई बाई. कुनाच्या तरी घरच्या काचंच्या पेटीतला हाय. कुनी सोडला त्ये सांगा."

बाई म्हणजे आशालताबाई, सोसायटीच्या अध्यक्षा. बावीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. गुन्हा कोणताही असो, वर्गावर नजर फिरवली की ज्याची मान खाली जाते तो गुन्हेगार, ही त्यांची पद्धत. त्यांनी नजर फिरवली. निरंजन माशाकडे बघत राहिला, कारण खोलीत त्याच्याकडे न बघणारा तेवढा एकच जीव होता.

"निरंजन," आशालताबाई म्हणाल्या. त्याने रुमाल काढून हजेरीपटावरचा डाग पुसायला घेतला. "तुमच्याकडे टाकी आहे, माशांतलं तुम्हाला कळतं. पर्यावरण उपसमितीही तुमच्याकडेच आहे. चौकशी तुम्ही करा. दोन आठवड्यांनी रविवारी आपण यांच्याकडे धरणावर जाऊ आणि अहवाल वाचू. ज्याने हे केलं असेल त्याचं नाव नोटीस बोर्डावर लागेल आणि तालुक्याला लेखी तक्रार जाईल. मग तो कोणीही असो."

"कोणीही असो," निरंजन म्हणाला.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, कारण निरंजनने ती पाच महिने कोणाला सांगितली नव्हती. गेल्या अनंत चतुर्दशीला कासारसाईच्या काठावर त्याने गणपती विसर्जन केला आणि मग इकडेतिकडे बघून स्टीलच्या डब्यातून दोन मासेही विसर्जन केले. त्यांची नावं चकली आणि शंकरपाळी. आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आणल्यामुळे त्याच्या मुलीने, दहा वर्षांच्या अपेक्षाने, ती ठेवली होती. काच चाटून साफ ठेवणारे मासे म्हणून घोटावडे फाट्यावरच्या साबीरने ते दिले. "मिशीवाला सकर आहे साहेब, जोडी आहे," असं तो म्हणाला होता. दहा महिने बरे गेले. मग चकलीने टाकीतली नारळाची करवंटी बळकावली आणि शंकरपाळी जवळ आली की तिची शेपटी कुरतडायला सुरुवात केली. अपेक्षा रडायला लागली. साबीर म्हणाला, फाटक्या शेपटीचा मासा मी कुठे ठेवू. मारायचं तर पाप. शेवटी निरंजननेच घरात जाहीर केलं की आपण त्यांना जीवदान देऊ. तो शब्द त्याला स्वतःलाच इतका आवडला की तो त्याने दिवसभरात चार वेळा वापरला.

निरंजन हा मुळातच भित्रा माणूस. घोटावड्याच्या बाजूला पंपांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटी इन्स्पेक्टर होता. भाग मापात बसतो का नाही हे व्हर्नियरने बघायचं आणि नाही बसला तर बाजूला काढायचा, हे त्याचं अठरा वर्षांचं काम. आपण स्वतः कधीतरी मापात बसणार नाही आणि कोणीतरी आपल्याला उचलून बाजूला ठेवील, ही धास्ती त्याला तेव्हापासूनची. लायसन्स खिशात असतानाही तो ट्रॅफिक हवालदाराला नमस्कार करायचा. 'धरणात निर्माल्य टाकू नये' ही सोसायटीच्या दारावरची सूचना त्याच्याच सहीची होती. माशांबद्दल तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं, एवढाच काय तो आधार.

घरी येऊन त्याने दार लावलं, कडी घातली आणि रेश्माला सगळं सांगितलं. बायको शांत डोक्याची असली की नवऱ्याची भीती दुप्पट होते, कारण घाबरायचं सगळं काम त्याच्या एकट्यावर पडतं.

"अरे, आपले मासे बोटाएवढे होते," रेश्मा म्हणाली. "हा फूटभर आहे म्हणतोस."

"धरणात वाढतात. पाणी मोठं तेवढा मासा मोठा, असं सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

सगळे म्हणजे तळमजल्यावरचे विठ्ठलराव. ते सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते आणि कोणत्या ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. निरंजनने जिन्यात त्यांना सहज म्हणून विचारलं होतं, की समजा, एखाद्या माणसाने, समजा, मासा सोडला, तर काय होतं. विठ्ठलरावांनी जिन्याचा कठडा धरला. "निरंजनराव, एक सोडला असेल तर चूक धरतात," ते म्हणाले. "दोन सोडले असतील तर हेतू धरतात. आणि ती जोडी असेल, तर मग पिल्लं आली. पिल्लागणिक वेगळा गुन्हा लागू शकतो. जामिनाचं मला नक्की माहीत नाही." हे त्यांनी कुठे वाचलं होतं ते निरंजनने विचारलं नाही. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला होता.

जोडी. त्या एका शब्दाने त्याला धरलं ते सोडलं नाही. दोन्ही नर असतील किंवा दोन्ही माद्या असतील, तर दोन मासे सोडले आणि विषय संपला. पण एक नर आणि एक मादी असेल, तर आज धरणात जे जे काही चिलखत घालून फिरतंय ते सगळं त्याचं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना तो साबीरच्या दुकानात गेला. हेल्मेट त्याने डोक्यावरच ठेवलं होतं.

"काय साहेब, चिवड्याला काय झालं?" साबीरने हेल्मेटातूनही ओळखलं. चिवडा म्हणजे शंकरपाळी गेल्यावर अपेक्षाची समजूत काढायला डिसेंबरात आणलेला तिसरा मासा. आणला तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढा होता.

"काही नाही. अभ्यास म्हणून विचारतोय. नर कुठला आणि मादी कुठली, कसं ओळखतात?"

साबीरने जाळी बाजूला ठेवली. त्याला आपल्या धंद्यातलं सांगायला मनापासून आवडायचं. "सोपं आहे. मिशीवाल्याच्या नराला नाकाडावर आन् डोक्यावर दाट मिशा येतात. नुसत्या केसासारख्या नाही, जाड, मऊ, फांद्या फुटलेल्या. मादीला ओठाच्या कडंनं बारीक दोन-चार, न्हाईतर तेवढ्यापण नाही. पण वर्षाच्या आत काय खरं नाही. लहानपणी सगळे सारखेच."

"म्हणजे मिशा नसल्या तर मादी."

"मादी, न्हाईतर लहान नर. न्हाईतर," साबीर जरा थांबला, "न्हाईतर मोठा सकर. त्याला मिशा कधीच येत नाहीत. तो दीड फुटापर्यंत जातो. मालात कधीकधी त्याचं पिल्लू मिसळून येतं. पिल्लं दोघांची दिसायला जवळजवळ सारखी."

निरंजनने हेल्मेटची काच वर केली. "मग दोघांतला फरक?"

"पाठीवरच्या पंखाच्या काड्या मोजायच्या. सात-आठ असल्या तर मिशीवाला. दहाच्या वर गेल्या तर मोठा सकर. आन् मिशीवाला वीतभर पण होत नाही, आधीच थांबतो." साबीरने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. त्याने काकडीचा एक तुकडा कागदात बांधून दिला, चिवड्यासाठी.

पुरावा म्हणावा असं निरंजनकडे एकच होतं. विसर्जनाच्या दिवशी अपेक्षाने मोबाइलवर घेतलेला चौदा सेकंदांचा व्हिडिओ. त्यातले नऊ सेकंद गणपती होता, तीन सेकंद निरंजनची पँट होती आणि उरलेल्या दोन सेकंदांत डब्यात दोन मासे दिसत होते. चकलीच्या तोंडावर मिशांचा भरघोस झुपका होता, तो नर याबद्दल वाद नव्हता. शंकरपाळीचं तोंड डब्याच्या कडेच्या सावलीत होतं. तिथे मिशी असू शकत होती, बारीक मिशी असू शकत होती, सावली असू शकत होती, आणि काहीच नसू शकत होतं. निरंजनने ते चित्र थांबवून, मोठं करून, उजळवून, उलटं करून पाहिलं. मोबाइलच्या काचेवर व्हर्नियर लावून पाहिला. मिशा असल्या तर तो निर्दोष. बारीक असल्या तर जोडी. नसल्या तर जोडी, किंवा मग दीड फुटी राक्षसाचं पिल्लू त्याने स्वतःच्या हाताने धरणात सोडलेलं.

"भांडणावरून काही कळतं का बघ," रेश्मा पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

"तेच तर. करवंटीवरून भांडले म्हणजे दोन नर असणार. नराला हद्द लागते."

"घरावरून भांडत होते आणि एकजण आत बसून दुसऱ्याला बाहेर काढत होता," रेश्मा म्हणाली. "भांडणावरून ठरवायचं असेल तर ती नवरा-बायकोच होती."

त्या वाक्यानंतर निरंजनला जेवण गेलं नाही.

मग त्याचं सगळं लक्ष चिवड्यावर गेलं. चिवडा त्याच दुकानातला, त्याच माणसाकडून आलेल्या मालातला. तो मिशीवाला निघाला तर शंकरपाळीही बहुधा मिशीवाली, निदान मोठा सकर तरी नाही. रोज सकाळी साडेसहाला निरंजन टाकीसमोर मांडी घालून बसायला लागला. चिवडा काचेला चिकटला की बाहेरून व्हर्नियर लावायचा आणि वहीत माप लिहायचं. सोमवारी बासष्ट मिलिमीटर. बुधवारी चौसष्ट. शुक्रवारी सहासष्ट. त्याने आलेख काढला. या वेगाने दिवाळीपर्यंत चिवडा फूटभर होत होता. त्या सकाळपासून त्याने चिवड्याचं खाणं बंद केलं. रविवारी चिवडा अडुसष्ट भरला.

"हा न खाता कसा वाढतोय?" निरंजन पांढरा पडून म्हणाला.

"मी काकडी देते त्याला, शाळेत जायच्या आधी," अपेक्षा म्हणाली. "तू विसरतोस हल्ली."

पंखाच्या काड्या मोजायच्या तर चिवड्याने पंख उभारायला हवा होता आणि तो उभारत नव्हता. शेवटी रेश्माचा हातातला आरसा काचेला लावला. आरशात दुसरा चिवडा बघून पहिल्याला राग आला आणि दोन-तीन सेकंद पंख ताठ उभा राहिला. निरंजनने आठ काड्या मोजल्या. अपेक्षाने सात. रेश्माने स्वयंपाकघरातूनच दहा म्हटलं आणि मग म्हणाली, मी आपलं सांगितलं, मला इथून दिसत नव्हता. निरंजनने सात आणि आठ धरले आणि तास-दीड तास तो घरात गुणगुणत फिरला. रेश्माने चहा केला तो त्याने बिस्किटांसकट घेतला.

"पण बाबा," अपेक्षा दप्तर भरता भरता म्हणाली, "शंकरपाळी याच्यासारखी नव्हतीच. ती जास्त लांब होती. आणि ठिपके होते तिला."

अपेक्षा महिन्यातून एकदा त्याला कासारसाईला घेऊन जायला लावायची. काठावर उभी राहून काकडीच्या चकत्या पाण्यात टाकायची आणि सांगायची की त्यांना माझा आवाज ओळखू येतो. निरंजन इतके दिवस स्कूटरवर बसून ते कौतुकाने बघत असे. आता त्याला कळेना की ही चकत्या नक्की कोणाला खाऊ घालतेय.

बुधवारी त्याने अर्धी रजा काढली आणि नियम काय आहे ते एकदाचं विचारून यावं म्हणून तो एका सरकारी कचेरीत गेला. माशांच्या टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, मासा कुठल्या पाण्यात आहे. धरणाच्या म्हटल्यावर त्यांनी पाण्याच्या टेबलाकडे बोट केलं. पाण्याच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, गळती आहे का, दरवाज्याचं काही आहे का. मासा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, पाणी आमचं, पाण्यातलं आमचं नाही. तिसऱ्या टेबलावर त्याला अर्ज लिहायला सांगितला. त्याने लिहिला. त्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा वर केला. "यात मासा सोडणाऱ्याचं नाव कुठे आहे? की तुम्हीच?" निरंजनने अर्ज हातातून काढून घेतला, घडी करून खिशात घातला, माफ करा म्हणाला आणि जिना जवळजवळ पळतच उतरला. नाव-गाव त्याने सांगितलं नव्हतं, पण बाहेर स्कूटरचा नंबर कोणी लिहून घेतला का, हे बघायला तो कोपऱ्यावर दहा मिनिटं थांबला. कोणी लिहून घेतला नव्हता. तरी दोन दिवस दारावरची बेल वाजली की तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा.

शुक्रवारी आशालताबाईंनी त्याला बोलावून घेतलं. त्या खुशीत होत्या.

"तुमचं काम सोपं झालं," त्या म्हणाल्या. "फाट्यावरच्या त्या दुकानात हेच मासे विकतात. मी स्वतः जाऊन बघून आले. माल खपला नाही की धरणात नेऊन ओतत असणार, दुसरं काय. तक्रारीचा कागद मी तयार केलाय. तुम्ही फक्त अहवालावर सही करा. दुकान आपोआप बंद होईल."

निरंजन खाली बसला. सुटकेची अशी एक लाट अंगावरून गेली की त्याला हसूच आलं. त्याच्यामागोमाग लगेच साबीरचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि हसू तिथल्या तिथे विरलं.

संध्याकाळी तो दुकानात गेला तेव्हा साबीर टाक्यांचं पाणी बदलत होता.

"आल्या होत्या बाई," साबीर म्हणाला. "रविवारी धरणावर बोलावलंय मला."

"तू काय सांगणार?"

"काय सांगणार. मी कधी एक मासा पण सोडलेला नाही." त्याने बादली खाली ठेवली. "विसर्जनाच्या आदल्या दिवशी तुम्ही डबा घिऊन आला होता, ते मला आठवतंय साहेब. मी परत घेतले नाहीत, ती माझी चूक झाली. पण गिऱ्हाइकाचं नाव मी घेणार नाही. तुम्ही घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर निरंजन आणखी घाबरला. आता पहिल्यांदा त्या भीतीला लाजेचा वास यायला लागला होता. त्याने उगाच अर्धा किलो वाळू विकत घेतली आणि घरी गेला. साबीर पकडला गेला तर आपण वाचतो, हे त्याला पक्कं कळलं होतं. ते कळूनही आपण काही बोलत नाही, हेही कळलं होतं.

रविवारी सकाळी कासारसाईच्या काठावर मच्छीमारांच्या पत्र्याच्या शेडसमोर सगळे जमले. नथू आणि त्याची चार-पाच माणसं जाळ्यांच्या ढिगावर बसली होती. त्याची आई धोंडाबाई एका बाजूला विळीवर मासे साफ करत होती आणि तिचं कोणाकडे लक्ष नव्हतं. साबीर इस्त्रीचा शर्ट घालून, हात पाठीमागे बांधून उभा होता. अपेक्षा हट्टाने बरोबर आली होती. तिच्या हातात काकडीच्या चकत्यांची पिशवी होती.

आशालताबाईंनी अहवाल वाचायला घेतला. निरंजनने तो कारखान्यातल्या तपासणीच्या नमुन्यात लिहिला होता. मासा, माप, काड्या, शेरा. शेऱ्यात फक्त 'निश्चित सांगता येत नाही' एवढंच होतं. त्याखाली बाईंनी आपल्या अक्षरात घातलं होतं, की सदर मासे घोटावडे फाट्यावरील दुकानदाराने धरणात सोडले असून त्याचे दुकान तत्काळ बंद करावे. वाचून झाल्यावर त्यांनी कागद आणि पेन निरंजनसमोर धरलं. ढिगावरची माणसं साबीरकडे बघायला लागली. एकजण म्हणाला, "मग बसलाय कशाला, कुलूप लावा की आजच." साबीर निरंजनकडे बघत नव्हता. तो मुद्दाम पाण्याकडे बघत होता.

निरंजनने पेन घेतलं. टोपण काढलं. मग ते परत लावलं आणि पेन बाईंच्या हातात दिलं.

"बाई, हे चूक आहे," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला दुसऱ्याचा वाटला. "मी सोडले. दोन. अनंत चतुर्दशीला, इथेच. साबीरचा काही संबंध नाही." मग तोंड उघडलंच आहे म्हणून आणि सवय जात नाही म्हणून तो पुढे म्हणाला, "एकाला मिशा होत्या. दुसरीचं निश्चित सांगता येत नाही."

आशालताबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मुख्याध्यापिकेच्या बावीस वर्षांत वर्गाच्या मॉनिटरने स्वतःहून हात वर केल्याचं त्यांनी बहुतेक पाहिलं नसावं. नथू उठला.

"फोटू हाय का?"

निरंजनने मोबाइल पुढे केला. नथूने ओल्या बोटाने व्हिडिओ थांबवला, पाहिला आणि विळीकडे गेला. "आये, बघ गं. ह्ये साहेबांनी सोडल्यात."

धोंडाबाईने हात लुगड्याला पुसले आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "ह्ये व्हय? बोटाएवढं? ह्ये न्हाई आपल्या जाळ्यातलं. ह्ये मिशीवालं, मोठं व्हतच न्हाई."

"आणि ती दुसरी? बिनमिशीची?" निरंजन पुढे झाला.

"ती बी तसलीच. कडंलाच सोडलं व्हतं न्हवं, दिसाढवळ्या? कडंला मरळी टपून आसत्यात. ह्ये काय पाच मिंटं बी टिकलं नसंल."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"नक्की?"

"आता मरळीच्या पोटात जाऊन बघू व्हय?" धोंडाबाई म्हणाली आणि परत विळीवर बसली.

"ह्ये मोठं सकर चार-पाच वर्सांपास्नं हायेत धरनात," नथू म्हणाला. "तुमच्या सोसायटीचा पाया बी खनला नव्हता तवा."

आशालताबाईंनी चष्मा काढला. "मग आमच्या दारात गोणपाट घेऊन का आलात?"

"दर गनपतीला कुनी ना कुनी डबा घिऊन येतंय बाई. कुनी मासा, कुनी कासव. सोडत्यात, हात जोडत्यात आन् जात्यात. आजवर कुनी म्या सोडलं म्हनलं न्हाई. म्हनलं, गोनपाट टाकून बघू, एखादा तरी घावतोय का." त्याने निरंजनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घावला एक."

पण निरंजन ते ऐकत नव्हता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. दोन आठवडे छातीवर बसलेला धोंडा सरकला होता. पिल्लं नाहीत, राक्षस नाही, तालुका नाही, बोर्ड नाही. "म्हणजे खाल्ले," तो मोठ्याने म्हणाला आणि खदखदून हसला. "खाल्ले. दोन्ही खाल्ले. पहिल्याच दिवशी." त्याने साबीरचा हात धरून जोरजोरात हलवला. धोंडाबाईला दोन्ही हात जोडले. साबीरही हसत होता, पण मध्येच त्याचं हसू थांबलं आणि तो निरंजनच्या मागे बघायला लागला.

अपेक्षा पाण्याच्या कडेला उभी होती. पिशवी हातात तशीच होती. ती पाण्याकडे बघत नव्हती, वडिलांकडे बघत होती.

निरंजनचे हात अजून जोडलेलेच होते. ते त्याने खाली घेतले. "मोठं पाणी असतं गं," असं काहीतरी तो बोलला, आणि ते कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. अपेक्षाने पिशवी उलटी करून सगळ्या चकत्या काठावरच्या मातीत ओतल्या आणि स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली.

परतीच्या रस्त्यावर तिने त्याची कंबर धरली नाही, मागचा दांडा धरला. निरंजन आरशात तिचं हेल्मेट बघत होता. या दोन आठवड्यांत तो हवालदाराला, विठ्ठलरावांना, कचेरीला, दारावरच्या बेलला, सगळ्यांना घाबरून झाला होता. मागे बसलेल्या या मुलीला तो इतका घाबरेल असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली.

"हं."

"त्यांना खाल्लं म्हटल्यावर तुला आनंद झाला ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिला पटलंही असतं कदाचित, किंवा पटल्यासारखं तिने केलं असतं. निरंजनने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"झाला," तो म्हणाला.

अपेक्षाने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

"चिवड्याला काकडी मी देत जाईन," मग ती म्हणाली. "तू टाकीला हात लावायचा नाही."

"बरं," निरंजन म्हणाला, आणि त्याने स्कूटर चालू केली.